ताराबाई खेडला जिंकल्या असत्या तर? हरलेल्या बाजूचं जग उभं करण्याची रीत

पुण्याकडून कोल्हापुरात येताना कावळा नाक्याला ताराराणींचा अश्वारूढ पुतळा लागतो. लहानपणी मला वाटायचं, ह्या जिंकल्या म्हणून त्यांचा पुतळा उभा आहे. पुढे वाचायला लागल्यावर कळलं, की राजाराम महाराज गेल्यावर १७०० पासून सात वर्षं त्यांनी औरंगजेबाला दाद दिली नाही, पण त्यानंतर घरातलीच लढाई त्या हरल्या. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेच्या काठी खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरला, त्यांचं सैन्य आणि मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले थोरले शाहू महाराज समोरासमोर आले. निकाल शाहूंच्या बाजूने लागला. तो उलटा लागला असता तर काय झालं असतं, या एका प्रश्नावर मी तीन वर्षं कादंबरी लिहितो आहे.

ज्यांना असं जग लिहायचं आहे, मग ते कुठल्याही युद्धातून निघालेलं असो, त्यांच्यासाठी माझ्या कामाची रीत इथे मांडतो. उदाहरणं बहुतेक खेडचीच देईन, कारण त्या वाटेवरचे खड्डे मला माहीत आहेत.

पायरी १: पायाखालचं युद्ध निवडा

मराठीत हा विषय काढला की पानिपत आलंच. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, ही कल्पना कोल्हापुरातच जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी आपल्या कथेत अशी वापरली आहे, की त्या वाटेने पुन्हा जायचं तर सांगण्यासारखं नवं काहीतरी हवं. माझ्याकडे ते नव्हतं.

निवड करताना मी एकच कसोटी लावली. त्या युद्धाच्या जागा मी पायी हिंडलो आहे का? पन्हाळा घरापासून वीस किलोमीटरवर. अंबरखान्याच्या भिंती किती जाड आहेत, धान्याच्या त्या कोठारात भर उन्हाळ्यात किती गार वाटतं, सज्जाकोठीतून खालचं खोरं कुठवर दिसतं, हे मला पुस्तकात शोधावं लागत नाही. साताऱ्याला आत्याचं घर, त्यामुळे अजिंक्यताराही ओळखीचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धावर किंवा दुसऱ्या महायुद्धावर लिहायला माझी ना नाही, पण मग ही ओळख वाचनातून कमवावी लागते आणि त्याला दुप्पट वेळ लागतो. तो वेळ आधीच धरून चाला.

पायरी २: ती बाजू का हरली, हे आधी मान्य करा

सर्वांत जास्त लेखक इथेच घसरतात. आपल्याला आवडणारी बाजू केवळ नशिबाने हरली असं मनात धरलं, की पुढचं सगळं जग पोकळ होतं.

मी कारणांचे दोन ढीग करतो. एका ढिगात क्षणाची कारणं, दुसऱ्यात मुळाची. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ला विश्वासरावांना लागलेली गोळी हे क्षणाचं कारण. पण त्याआधी कित्येक आठवडे छावणीची रसद तुटलेली होती, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर ती आणखी आटली, सोबत न लढणारी हजारो माणसं होती आणि उत्तरेत मदतीला येणारा मित्र उरला नव्हता. ही मुळाची कारणं. तुम्ही फक्त गोळी चुकवलीत तर उपाशी फौज उपाशीच राहते. तिला संध्याकाळी भाकरी कुठून येणार, हे लिहावंच लागेल. महायुद्धात जर्मनीला जिंकवणाऱ्यालाही हेच. एखादी लढाई फिरवणं सोपं आहे, पण इंधनाची टंचाई कशी भागवणार?

खेडची यादी मी अशी केली. क्षणाचं कारण म्हणजे ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले आणि परशुरामपंत प्रतिनिधींना मागे हटावं लागलं. मुळाची कारणं दोन. पहिलं, शाहू हे संभाजी महाराजांचे पुत्र, म्हणजे थोरल्या पातीचे. गादीवर त्यांचा हक्क अनेक सरदारांना मनातून पटत होता. दुसरं, ताराबाईंच्या बाजूचा राजा, त्यांचा मुलगा शिवाजी, तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचा होता. पंचवीस वर्षांचा तरुण छत्रपती एका बाजूला आणि मुलाच्या नावाने राज्य चालवणारी आई दुसऱ्या बाजूला. सरदारांनी काय तोललं असेल ते यावरून कळतं.

ही यादी भिंतीवर लावून ठेवा. तुमच्या जगात ताराबाई जिंकल्या तरी मुळाची दोन्ही कारणं जिवंतच असणार आहेत.

पायरी ३: फाटा शोधा

गाडी कुठल्या फाट्यावर वळली, हे कादंबरीतलं सगळ्यांत महत्त्वाचं पान. फाटा लढाईच्या थोडा आधी असावा, लहान असावा, आणि त्या माणसांच्या स्वभावात बसणारा असावा. आकाशातून वीज पडून शत्रूचा सेनापती मेला, असला फाटा वाचक सोडून देत नाही.

लहान फाट्याचं मला आवडणारं उदाहरण अमेरिकेतल्या यादवी युद्धातलं आहे. सप्टेंबर १८६२ मध्ये दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचा गुप्त हुकूमनामा उत्तरेच्या सैनिकांना मेरीलँडमधल्या एका सोडून दिलेल्या तळावर सापडला. तीन सिगारांभोवती गुंडाळलेला कागद होता तो. चार दिवसांनी अँटिटमची लढाई झाली आणि ली याला मागे फिरावं लागलं. तो कागद कुणाच्या तरी खिशातच राहिला असता तर? एवढ्या बारीक धाग्यावर हजार पानं उभी राहू शकतात.

खेडसाठी मी तीन फाटे तपासले. आझमशहाने १७०७ मध्ये शाहूंना सोडलंच नसतं तर? हा फाटा फार मागे जातो. मग युद्धच होत नाही आणि कादंबरीतला ताण निघून जातो. धनाजी शाहूंना जाऊन मिळाले तरी प्रतिनिधींनी लढाई जिंकली तर? सेनापती नसलेली फौज जिंकली, हे मलाच पटेना. उरला तिसरा. धनाजींचा विश्वास बसलाच नाही तर?

इथे मला इतिहासाने हात दिला. रायगड १६८९ साली पडला तेव्हा शाहू सात वर्षांचे होते. त्यानंतर अठरा वर्षं ते मोगलांच्या छावणीत. परत आले तो दाढीमिशा आलेला तरुण पुरुष. त्यांचा चेहरा ओळखणारं स्वराज्यात कोण होतं? ताराबाईंनी ते तोतये असल्याचं सांगितलं. आज आपण ते निव्वळ राजकारण मानतो, पण ऐकणाऱ्या सरदाराला तो खराखुरा प्रश्न होता. परंपरा असं सांगते, की नागपूरकर भोसल्यांचे पूर्वज परसोजी भोसले शाहूंसोबत एका ताटात जेवले आणि त्यामुळे संशय फिटला. धनाजींच्या पदरी काम केलेले बाळाजी विश्वनाथ यांनीही धन्याचं मन वळवल्याचं सांगितलं जातं.

म्हणजे सगळं काही ‘ओळख’ या एका गोष्टीवर लटकलेलं आहे. माझ्या कादंबरीत बाळाजीपंत धनाजींच्या राहुटीपर्यंत पोचत नाहीत. परतीच्या पावसाने भीमा फुगलेली, उतार बंद, ते दोन रात्री अलीकडेच अडकतात. तेवढ्या वेळात धनाजी आपल्या धनिणीला दिलेला शब्द मोडायचा नाही असं ठरवतात. बस, एवढाच बदल. उरलेलं सगळं त्यातून आपोआप निघायला हवं.

पायरी ४: काय बदलत नाही, ते लिहून काढा

ही पायरी छोटी आहे, पण ती गाळली तर लेखक भरकटतो. पाऊस, नद्या, घाट, अंतरं, दुष्काळ, देवीची साथ, समुद्रावरून येणारी परकी जहाजं, यांना खेडच्या निकालाशी देणंघेणं नाही. आजाराने झालेले मृत्यू मी पहिल्या काही वर्षांपुरते तसेच ठेवतो. धनाजी १७०८ मध्ये वारले, ते माझ्याकडेही १७०८ मध्येच जातात. त्यामुळे ताराबाईंचा विजय जेमतेम वर्षाचा होतो आणि दुसऱ्याच पावसाळ्यात सेनापतिपदाचा प्रश्न उभा राहतो. जिंकून वर्षभरात आधार गेलेली राणी मला नुसत्या विजयी राणीपेक्षा लिहायला जास्त आवडली.

पायरी ५: तीन वह्या

एक वही पहिल्या पाच वर्षांची, एक पुढच्या पिढीची, एक आजची. तिन्ही एकदम भरायला घेऊ नका. पहिली भरल्याशिवाय दुसरी उघडायची नाही, हा नियम मी स्वतःला घातला आहे. कारण आजच्या जगातली गंमत लिहायची घाई प्रत्येकाला असते, आणि मग मधली अडीच-तीनशे वर्षं नुसती उडी मारून जातात.

पहिल्या वहीत डाव्या पानावर खरी तारीख आणि घटना, उजव्या पानावर माझ्या जगात तिचं काय होतं. जानेवारी १७०८, साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक: होत नाही. शाहू पळून खानदेशात जातात आणि मोगल सरदारांच्या आश्रयाने राहतात. १७१३, बाळाजी विश्वनाथ पेशवे: होत नाहीत. कान्होजी आंग्रे ताराबाईंच्याच पक्षाचे होते, बाळाजीपंतांनी त्यांना १७१४ मध्ये शाहूंकडे वळवलं. माझ्या जगात त्यांना वळवायला कुणी जात नाही, म्हणजे कोकण किनारा आणि आरमार राणीकडेच राहतं. १७१४, पन्हाळ्यावर राजसबाईंनी आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवून ताराबाईंना कैद केलं. आता याचं काय? राजसबाई म्हणजे ताराबाईंची सवत. तिची महत्त्वाकांक्षा खेडच्या निकालाने संपणार नव्हती. हा कट मी ठेवला. तो फसतो की साधतो, यावर मी सहा महिने घालवले आणि तीन वेगळे शेवट लिहून पाहिले.

दुसऱ्या वहीत पेशवाईच नाही. बाळाजीपंतांच्या भट घराण्याकडे वंशपरंपरेने सत्ता गेली नाही, त्यामुळे १७३० नंतर पुण्यात शनिवारवाडा उभा राहिला नाही. पुणे एक कसबा राहतं. सत्ता सरदारांच्या हाती विखुरलेली, वर राजमातेचा शब्द. उत्तरेकडची झेप याने मंदावली असती असं मला वाटतं. मग पानिपतची तारीखही कोऱ्या पानावर येते. खऱ्या इतिहासात ताराबाई डिसेंबर १७६१ मध्ये साताऱ्यात वारल्या, म्हणजे पानिपतच्याच वर्षी. या योगायोगाचा मोह मला आवरला नाही. माझ्या दुसऱ्या वहीचा शेवट त्या म्हाताऱ्या राजमातेच्या शेवटच्या दिवसावर होतो.

पायरी ६: आपल्या गावातून चक्कर मारा

तिसरी वही उघडली तेव्हा मला धक्का बसला, आणि तो वाचकालाही बसावा म्हणून ही पायरी सावकाश करायला सांगतो.

ताराबाई जिंकल्या तर राजधानी कुठे? पन्हाळा १७०५ नंतर त्यांच्या हाताखालचा भक्कम गड होता, तेव्हा कोल्हापूरकराला वाटणार, पन्हाळाच! मीही आधी तसंच लिहिलं होतं. पण सगळं राज्य हाती असणाऱ्या राणीने दक्षिणेच्या टोकाला का बसावं? राजाराम महाराजांनी साताऱ्याला राजधानी केली होती, तो गड राज्याच्या मध्यावर आहे. पन्हाळा हा आश्रय होता. आश्रयाची गरज हरलेल्याला पडते.

करवीरची, म्हणजे कोल्हापूरची, वेगळी गादी निर्माण झाली ती पराभवातून. वारणेच्या तहाने १३ एप्रिल १७३१ला तिची हद्द ठरली आणि १७८२ मध्ये राजधानी पन्हाळ्यावरून कोल्हापुरात आली. ताराबाई जिंकल्या, की यातलं काहीच घडत नाही. ज्या राणीचा आम्ही अभिमान बाळगतो, तिच्या विजयात आमचं कोल्हापूर पुसलं जातं.

मग मी एका रविवारी सकाळी वही घेऊन खरोखरच चक्कर मारली. बिंदू चौकातून निघालो. भवानी मंडप: नाही. जुना राजवाडा: नाही. खासबागचं मैदान: नाही, कारण ते १९१२ मध्ये बांधवून घेणारे राजर्षी शाहू महाराज करवीरच्या गादीवर दत्तक आलेच नाहीत. कागलच्या घाटग्यांच्या घरातला एक बुद्धिमान मुलगा, एवढंच त्यांचं स्थान. म्हणजे १९०२चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम नाही, राधानगरीचं धरण नाही, वसतिगृहं नाहीत. त्या वसतिगृहात राहून शिकलेल्या एका कुटुंबातला मी आहे. माझ्या जगात मी कदाचित लिहिता-वाचताही नसतो. शाहूपुरीच्या गुळाच्या पेठेपाशी पोचलो तेव्हा हे वहीत लिहिलं आणि बराच वेळ पुढे काही सुचलं नाही.

अंबाबाईच्या देवळाचं काय? देऊळ शेकडो वर्षं जुनं, ते आहेच. पण धामधुमीच्या काळात लपवून ठेवलेल्या मूर्तीची पुन्हा प्रतिष्ठापना १७१५ मध्ये, करवीरच्या संभाजी महाराजांच्या, म्हणजे राजसबाईंच्या मुलाच्या, कारकिर्दीत झाली. ते महाराजच नसतील तर देवी केव्हा, कुणाच्या हातून गाभाऱ्यात परतते? मी यासाठी एक अख्खं प्रकरण लिहिलं. त्यात देवळाच्या आसपासच्या पेठेतले व्यापारी आणि पुजारी मिळून ते काम करतात, कुठलाही राजा नसताना. कादंबरीतलं माझं सर्वांत आवडतं प्रकरण ते आहे.

तुमच्या गावात अशी यादी करताना रस्ते, पुतळे, शाळा, स्टेशन, बाजार, जेवण अशा क्रमाने जा. काय उरतं तेही लिहा. पंचगंगा उरते, रंकाळा उरतो, ऊस लावायची जमीन उरते, चामड्याचं कसब उरतं.

पायरी ७: शब्द बदला, पण थोडेच

जिंकणाऱ्याची भाषा शाळेच्या पुस्तकात जाते. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची गोष्ट मराठी वाचकाला माहीत असते, त्यामुळे माझ्या जगातल्या मुलांच्या पुस्तकात ‘शाहूचा तोतेपणा’ असा धडा आहे, एवढं म्हटलं की काम होतं. निकाल कुणाचा लागला ते त्या दोन शब्दांत येतं. पाचसहा असे शब्द पुरतात. पानोपानी नवी नाणी, नवे हुद्दे, नवे सण घातले तर वाचक दमतो.

कथा कुणी सांगायची, हाही इथलाच प्रश्न. १९३१ साली विन्स्टन चर्चिल यांनी एक निबंध लिहिला, त्यातला लेखक गेटिसबर्गची लढाई ली जिंकलेल्या जगात बसून ‘ली हरला असता तर’ अशी कल्पना करतो. मी हा मार्ग एका प्रकरणापुरता घेतला आहे. तिथे साताऱ्याच्या दफ्तरातला एक कारकून विचार करतो, की त्या दोन रात्री भीमेला पूर आला नसता तर काय झालं असतं. त्याचा एक परिच्छेद इथे देतो, म्हणजे किती साध्या भाषेत हे करता येतं ते कळेल:

‘पाणी उतरलं असतं तर तो मोडी लिहिणारा कोकणी माणूस पैलतीरावर गेला असता. काय बोलला असता कोण जाणे. पण सेनापतींनी त्याचं ऐकलं असतं, कारण ते त्याचं नेहमी ऐकत. मग आज आपण या दफ्तरात नसतो. दफ्तर कुठे असतं? पन्हाळ्यावर? छे. तिथे पावसाळ्यात कागद टिकत नाहीत.’

पायरी ८: विजयाची किंमत कुणी दिली

ही पायरी टाळणारं पुस्तक मी हातात धरत नाही. अमेरिकेतली दक्षिण जिंकली असं लिहायचं, तर १८६०च्या शिरगणतीत जवळपास चाळीस लाख माणसं गुलाम होती हे विसरून चालत नाही. अँटिटमनंतर पाचच दिवसांनी लिंकनने गुलामगिरीविरुद्धचा प्राथमिक जाहीरनामा काढला. तो त्यासाठी एका विजयाची वाट बघत होता. तीन सिगारांभोवतीचा कागद खिशात राहिला, तर तो जाहीरनामाही खणात राहतो. दिमाखदार सेनापती आणि सुंदर गणवेश लिहून ही चाळीस लाख माणसं पडद्याआड ठेवणं म्हणजे अन्याय दुसऱ्यांदा करणं.

आपल्याकडेही हेच. चौथाई वसूल करणाऱ्याला ती हक्काची वाटते, देणाऱ्याला नाही. बंगालमध्ये आजही बाळाला झोपवताना म्हणायच्या गाण्यात बर्गी येतात, ते आपले घोडेस्वार. माझ्या जगात बंगालवरच्या स्वाऱ्या होतात की नाही हे मला ठरवावं लागलं. होतात, असं मी ठरवलं, कारण फौजेला पगार द्यायचा प्रश्न ताराबाईंनाही सुटला नसता. त्या प्रकरणातला निवेदक मराठा नाही.

पायरी ९: समोरच्या बाजूच्या माणसाला वाचून दाखवा

साहित्य जमवायला कोल्हापुरात कमी नाही. १८५०चं करवीर नगर वाचन मंदिर, शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय, टाउन हॉलमधलं वस्तुसंग्रहालय आणि अर्थात पन्हाळा. पहिल्या खर्ड्याला दीड-दोन वर्षं धरा. पण खर्डा झाला की तो आपल्याच गावच्या मित्रांना दाखवून थांबू नका. त्यांना ताराबाई जिंकलेल्या आवडणारच.

मी साताऱ्याच्या आत्याला वाचून दाखवला. तिचं वय चौऱ्याहत्तर, साताऱ्याच्या गादीवर तिची जुनी भक्ती. तीन संध्याकाळी तिने मध्ये एक अक्षर न बोलता ऐकलं. शेवटच्या दिवशी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, “मग येसूबाईंना कोण आणणार रे?”

मला एकदम आठवलं. शाहूंना सोडताना मोगलांनी त्यांच्या आईला, येसूबाईंना, ओलीस ठेवून घेतलं होतं. १६८९ पासून त्या कैदेत. बाळाजी विश्वनाथ दिल्लीला गेले आणि १७१९ मध्ये त्यांची सुटका झाली. तीस वर्षांनी. माझ्या जगात बाळाजीपंत भीमेच्या अलीकडे अडकले, पेशवे झाले नाहीत, दिल्लीला गेलेच नाहीत. माझ्या तिन्ही वह्यांत येसूबाईंचं नावसुद्धा नव्हतं.

सध्या मी ते प्रकरण लिहितो आहे. १७२० साल, दिल्ली. पाखाडीवर बसलेली साठीची एक बाई दक्षिणेकडून येणाऱ्या प्रत्येक जासुदाला आपल्या मुलाची खबर विचारते आहे, आणि साताऱ्याच्या राणीने तिच्यासाठी काय पाठवलं असेल हे मला अजून ठरवायचं आहे.